दहा मिलिग्रॅमची झोप

झोप येत नाही, ही तक्रार आपल्याकडे आजार म्हणून सहसा कोणी सांगत नाही. ती जाता जाता सांगितली जाते. रक्तदाब तपासून घ्यायला गेलेला माणूस खुर्चीवरून उठतो, दारापर्यंत जातो आणि परत वळून म्हणतो, ‘आणि डॉक्टर, हल्ली जरा झोपेचे बघा ना.’ डॉक्टर झाकण लावलेले पेन पुन्हा उघडतात आणि चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ वाढवतात. बाहेर आठ-दहा माणसे ताटकळत असतात. वाढवलेल्या त्या ओळीत पुष्कळदा एक जुने औषध असते : अ‍ॅमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅम, रात्री एक. कधी त्या जागी ट्रॅझोडोन असते, कधी मिरटॅझपीन साडेसात, क्वचित डॉक्सेपिन.

ही चारही औषधे मुळात नैराश्यावरची. झोपेसाठी ती दिली जातात ती त्यांच्या मूळ मात्रेच्या अगदी लहानशा हिश्शात. नैराश्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागते. झोपेसाठी १० किंवा २५. यात लपवण्यासारखे काही नाही आणि गैर तर मुळीच नाही. तरीही ज्याच्या पोटात ही गोळी रोज रात्री जाते, त्याला बहुधा यातले काही सांगितलेले नसते. ‘झोपेची आहे, सवय लागणार नाही,’ एवढे एक वाक्य त्याच्या वाट्याला येते.

मग घरी दोनपैकी एक गोष्ट घडते. सुटीला आलेली मुलगी पाकिटावरचे नाव मोबाइलवर शोधते आणि तिला दिसते की हे तर डिप्रेशनचे औषध. ‘बाबांना डिप्रेशन आहे आणि आम्हाला कोणी बोलले नाही?’ आई घाबरते, वडील चिडतात, ‘मला काय वेड लागले आहे?’ म्हणतात आणि गोळी कपाटाच्या खणात जाते. दुसऱ्या घरात कोणी काही शोधत नाही. तिथे गोळी सहा-सहा वर्षे चालू राहते, लिहून देणारे डॉक्टर गाव सोडून गेलेले असतात, जुनी चिठ्ठी घडीवर फाटलेली असते आणि दुकानदार ती न उघडताच पट्टी काढून देतो. पहिल्या घरातल्या माणसाचे कदाचित उपयोगी पडणारे औषध सुटते. दुसऱ्या घरातल्याचे कदाचित अपाय करणारे औषध सुटत नाही. दोन्हीकडे चिठ्ठीवर ओळ वाढली, पण त्या ओळीविषयी बोलणे झाले नाही.

मी बँकेत पस्तीस वर्षे काढली. खातेवह्यांचा काळ पाहिला, संगणक आले तो पाहिला. ३१ मार्चच्या क्लोजिंगला रात्री दोन-दोनला पाच पैशांचा फरक शोधणारी माणसे घरी जाऊन अंथरुणाला पाठ टेकताच घोरत असत. हीच माणसे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा हातात रक्कम घेऊन बाहेर पडली आणि वर्षभरातच, भेटली की झोपेविषयी बोलू लागली. दुपारची वामकुक्षी दोन तासांची झाली होती, रात्री नऊला दिवा मालवायचा आणि तीनला टक्क जागे. जायफळ उगाळून दुधातून घेऊन झाले, काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळून झाले. मग एकमेकांत गोळ्यांची देवाणघेवाण सुरू झाली. कॅशमध्ये एका नोटेचा हिशेब तीन ठिकाणी सह्या करून ठेवणारी माणसे ‘माझी अर्धी घेऊन बघ’ असे किती सहज म्हणत!

माझा या विषयाशी संबंध आला तो एका कादंबरीमुळे. तिच्यातल्या निवृत्त कॅशियरला झोप येत नव्हती आणि त्याच्या उशाशी कोणती गोळी ठेवावी हे मला ठरवता येत नव्हते. ओळखीचे एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला अजून ‘साहेब’ म्हणतात. त्यांच्याकडे दवाखाना सुटल्यावर जाऊन बसलो. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि विचारले, ‘साहेब, झोप कॅशियरला येत नाही की तुम्हाला?’ मी म्हटले, दोघांनाही. त्यानंतर चार-पाच संध्याकाळी आम्ही बोललो. पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्या बोलण्यातून सुरू झाले आणि मग मी माझ्या सवयीने वाचून ताडून पाहिले.

त्यांनी सुरुवात केली ती इतिहासापासून. मला ते आवडले, कारण औषधालाही कुळी असते हे आपण विसरतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातली गायगी ही रंग बनवणारी कंपनी. डीडीटीचा कीटकनाशक गुण हिच्याच प्रयोगशाळेत पॉल म्युलर यांनी शोधला आणि त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेले एक रसायन हाताशी धरून या कंपनीने १९४० च्या दशकात त्याची कितीतरी भावंडे बनवली. ती कशाच्या शोधात? अ‍ॅलर्जीवरच्या आणि गुंगी आणणाऱ्या औषधांच्या. त्यातले एक द्रव्य बोडन सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलंड कून या डॉक्टरांकडे झोपेचे औषध म्हणून तपासायला पाठवले होते. ते जमले नाही. पुढे त्याच कुळातले इमिप्रमीन त्यांनी १९५६ साली खोल नैराश्यात गेलेल्या रुग्णांना दिले आणि रुग्ण बोलू लागले, जेवू लागले. १९५७ च्या सप्टेंबरात झुरिकच्या जागतिक मानसोपचार परिषदेत कून यांनी हे सांगितले तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते असे सांगतात. या कथेला एक काळी किनारही आहे. कून यांनी रुग्णांना नीट कल्पना न देता अनेक अप्रमाणित द्रव्ये दिली होती, हे स्विस इतिहासकारांनी २०१९ साली दप्तर उघडून मांडले. रुग्णाला न सांगण्याची सवय या औषधांना अशी जन्मापासूनच आहे.

अ‍ॅमिट्रिप्टिलीन हे इमिप्रमीनचे धाकटे भावंड. अमेरिकेत त्याला १९६१ साली मान्यता मिळाली. तेव्हापासून ते टिकून आहे ते आपल्या मुख्य कामापेक्षा फुटकळ कामांवर जास्त. नैराश्यासाठी नंतर फ्लुओक्सेटीनसारखी, कमी त्रासाची औषधे आली. पण अर्धशिशीचे झटके वारंवार येऊ नयेत म्हणून, मधुमेहात पायांची आग होते म्हणून, नागीण बरी झाल्यावरही महिनोन् महिने ठणका राहतो म्हणून अ‍ॅमिट्रिप्टिलीन आजही देतात आणि त्याला चांगला आधार आहे. तेव्हा तुमच्या चिठ्ठीत हे नाव दिसले तर ते झोपेसाठी असेल, दुखण्यासाठी असेल किंवा मनासाठी असेल. नावावरून कळणार नाही. विचारल्यावरच कळेल.

झोप येते कशाने? आपल्या मेंदूत हिस्टामीन नावाचे द्रव्य असते. नाकातून पाणी आणणारे, अंगावर पित्ताच्या गांधी उठवणारे तेच हे हिस्टामीन, पण मेंदूत त्याचे काम जागे ठेवण्याचे. ही औषधे त्याची वाट अडवतात. सर्दीची जुनी गोळी घेतल्यावर पेंग येते ती याच कारणाने. लहान मात्रेत या औषधांचा हाच गुण वर येतो, नैराश्यावरचा गुण उतरायला मोठी मात्रा लागते. म्हणजे ज्याला एरवी दुष्परिणाम म्हटले असते तोच इथे विकत घेतलेला माल. डॉक्टर हसून म्हणाले, ‘१० मिलिग्रॅमला ती अँटिडिप्रेसंट नसतेच म्हणा ना, सर्दीच्या गोळीची शिकलेली बहीण असते.’ मुलीने मोबाइलवर पाहून घाबरण्याचे कारण यात उरत नाही. पण हे वाक्य तिच्या वडिलांना औषध देतानाच सांगायला काय हरकत होती?

आता ही जुनी औषधे झोपेच्या कामाला एवढी का लागली? कारण खास झोपेसाठी जी आणली त्यांचा अनुभव फार सुखाचा नाही. १९०३ साली बार्बिट्युरेट आली. ती प्राणघातक ठरत, म्हणून १९६० च्या दशकात डायझेपामच्या कुळाने त्यांची जागा घेतली. त्यांची सवय लागते हे कळायला दोन दशके गेली. मग झोल्पिडेम आले. झोपेत चालणे, झोपेत गाडी हाकणे असे प्रकार घडले म्हणून २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांना २०१४ च्या मार्चपासून ‘शेड्यूल एच-वन’चा नियम लागू आहे. दुकानदाराने वेगळी वही ठेवायची, डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती तीन वर्षे जपायची. अ‍ॅमिट्रिप्टिलीनला चिठ्ठी लागते, पण ही वही लागत नाही. वही नसलेल्या व्यवहाराविषयी बँकेतल्या माणसाच्या मनात काय येते ते सांगायला नको.

पण ही गोळी खरोखर झोप आणते का, हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला तेव्हा ते थोडे थांबले. पेंग येते यात शंका नाही. परंतु निद्रानाश असलेल्या माणसांना काही आठवडे दिली तर त्यांची झोप सुधारते, हे कोणी मोजून दाखवले आहे का? २०१८ साली कोक्रेन या नावाजलेल्या संस्थेच्या आढाव्यात २३ चाचण्या आणि २,८०६ माणसे तपासली गेली. डॉक्सेपिन आणि ट्रॅझोडोनने थोड्या मुदतीत थोडा फायदा दिसला, पुरावा फार भक्कम नाही. आणि सर्वांत जास्त लिहून दिले जाणाऱ्यांपैकी जे अ‍ॅमिट्रिप्टिलीन, त्याच्याविषयी निद्रानाशासाठी विश्वास ठेवावा असा पुरावा त्या आढाव्याला सापडलाच नाही. पुरावा नाही म्हणजे गुण नाही असे नव्हे. कोणी पैसे घालून तपासले नाही असाही त्याचा अर्थ होतो. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीसाठी मोठी चाचणी कोण करणार? डॉक्सेपिनचे उदाहरण यासाठी बघण्यासारखे आहे. हे १९६९ चे औषध. त्याची ३ आणि ६ मिलिग्रॅमची गोळी करून, रीतसर चाचण्या घेऊन २०१० साली अमेरिकेत ते झोपेचे औषध म्हणून नव्याने मान्य करून घेतले. मध्यरात्री किंवा पहाटे जाग येणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. आडवे झाल्यावर डोळाच लागत नाही अशांना फारसा नाही. अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने २०१७ साली पहाटेच्या जागेसाठी डॉक्सेपिन सुचवले आणि ट्रॅझोडोन झोपेसाठी देऊ नये असे सुचवले. तिथले डॉक्टर ट्रॅझोडोन लिहीतच असतात, हा भाग वेगळा. शिफारस आणि रिवाज यांचे नाते सगळीकडे सारखेच.

साठी ओलांडलेल्यांनी मात्र पुढचा भाग जरा सावकाश वाचावा. या कुळातली औषधे हिस्टामीनखेरीज अ‍ॅसिटाइलकोलीन या दुसऱ्या द्रव्याचीही वाट अडवतात. ते द्रव्य लाळ सुटायला, आतडे हलायला, मूत्राशय रिकामे व्हायला, डोळ्याची बाहुली आवळायला आणि लक्षात राहायला लागते. त्यामुळे तोंडाला कोरड पडते, कवळी रुतते, शौचाला खडा होतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी तुंबू शकते. एका प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब एकाएकी वाढू शकतो. शिवाय उभे राहताना रक्तदाब घसरतो. रात्री दोनला बाथरूमला उठलेला सत्तरीचा माणूस, दिवा न लावता (कारण बायकोची झोपमोड नको), आधीच रक्तदाबाची गोळी आणि प्रोस्टेटची गोळी पोटात. दोन्ही रक्तदाब उतरवणाऱ्या. त्यात ही तिसरी. खुब्याचे हाड असेच मोडते. आणि त्या वयात खुबा मोडला की झोप ही सगळ्यांत लहान काळजी उरते.

अमेरिकेतले वृद्धांचे डॉक्टर मार्क बिअर्स यांनी १९९१ साली म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती दर काही वर्षांनी सुधारली जाते. २०२३ च्या यादीतही अ‍ॅमिट्रिप्टिलीन आहे. डॉक्सेपिनही आहे, पण ६ मिलिग्रॅमच्या वरचे. सहापर्यंत चालेल, त्यापुढे नको, अशी काटेकोर रेघ एकाच औषधाला क्वचित मारलेली दिसते. २०१५ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की अ‍ॅसिटाइलकोलीन अडवणारी औषधे ज्यांच्या पोटात वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात गेली त्यांच्यात स्मृतिभ्रंश अधिक आढळला. औषधाने तो झाला असे यावरून सिद्ध होत नाही. स्मृतिभ्रंशाच्या आधी झोप बिघडते, म्हणून अशांना ही औषधे जास्त दिली गेली असेही असू शकेल. पण सहा वर्षे न विचारता चालू असलेली गोळी एकदा डॉक्टरांपुढे ठेवावी, एवढे बळ या माहितीत नक्की आहे.

हिशेब एका गोळीचा नसतो, सगळ्यांच्या बेरजेचा असतो. डॉक्टरांनी सांगितलेला एक नमुना माझ्या मनातून जात नाही. एका बाईंना घाईची लघवी लागते म्हणून एकाने ऑक्सिब्युटिनिन दिले, सर्दी म्हणून दुसऱ्याने जुनी अ‍ॅलर्जीची गोळी दिली, गुडघेदुखीने झोप येत नाही म्हणून तिसऱ्याने अ‍ॅमिट्रिप्टिलीन. तिन्ही एकाच नळाची तोटी आवळणारी. बाई संध्याकाळी घरातल्यांना ओळखेनाशा झाल्या आणि घरच्यांनी ‘आता वय झाले’ असे म्हणून सोडून दिले. दोन औषधे थांबवल्यावर आठवड्यात त्या ताळ्यावर आल्या. तिघाही डॉक्टरांनी आपापल्या परीने योग्यच केले होते. बाईंच्या सगळ्या गोळ्या एका टेबलावर कोणी मांडल्या नव्हत्या, इतकेच.

आता या विषयातली मला सर्वांत गंभीर वाटणारी बाजू. आपल्याकडे झोप हा मनाच्या दुखण्याचा मागचा दरवाजा आहे. ‘मला उदास वाटते’ असे आपला पन्नाशी-साठीचा पुरुष मेला तरी म्हणणार नाही. बायकाही म्हणत नाहीत. त्या अंग दुखते म्हणतात. ‘झोप येत नाही’ मात्र अब्रूने म्हणता येते. पहाटे साडेतीनला जाग येते, मग छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, सकाळ सर्वांत वाईट जाते आणि संध्याकाळी जरा बरे वाटते, जेवणात चव नाही, नातवंडांचा गलका नकोसा होतो : हे सगळे असेल तर तो निद्रानाश नव्हे, नैराश्य आहे. आणि अशा माणसाला १० मिलिग्रॅम दिले तर काय होते? तासभर झोप वाढते. डॉक्टरला वाटते गुण आला, घरच्यांना वाटते उपाय झाला, आणि नैराश्य तसेच राहते, कारण त्याला ती मात्रा पुरत नाही. औषध नैराश्याचेच, पण नैराश्यावर उपचार नाही, अशी ही विचित्र अवस्था. शिवाय ही जुनी औषधे जास्त प्रमाणात घेतली गेली तर हृदयावर घात करतात. नव्या औषधांपेक्षा त्यांचा हा धोका मोठा आहे. ज्याच्या मनात जगू नये असे विचार येतात त्याच्या हाती यांचा साठा असता कामा नये, आणि घरात लहान मूल असेल तर पट्टी कुलपात हवी. म्हणून माझे डॉक्टरमित्र झोपेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारल्याशिवाय पेन उघडत नाहीत : ‘सकाळी उठल्यावर दिवस नकोसा वाटतो का?’ याचे खरे उत्तर देणे हे मात्र आपले काम. ज्यांना समोरासमोर बोलवत नाही त्यांच्यासाठी २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येते.

‘सवय लागत नाही’ या वाक्याचेही जरा बघू. अल्प्राझोलामसारखी ओढ या औषधांची लागत नाही, हे खरे. पण बरेच दिवस घेऊन एकाएकी थांबवली तर चार-आठ दिवस मळमळ, घाम, विचित्र स्वप्ने आणि नेमकी झोपच उडणे, हे घडू शकते. माणसाला वाटते, बघा, गोळीशिवाय मी झोपूच शकत नाही. आणि तो पुन्हा सुरू करतो. म्हणून थांबवायची ती पायरी पायरीने, डॉक्टरांना विचारून. बँकेत कोणतेही कर्ज तीन गोष्टी लिहिल्याशिवाय मंजूर होत नसे : कशासाठी, किती मुदतीसाठी आणि पाहणी कधी. पाहणीच न करता दरवर्षी नूतनीकरण होत राहिलेले खाते पुढे कुठे जाते हे प्रत्येक शाखाधिकाऱ्याला ठाऊक आहे. झोपेच्या ओळीपुढेही या तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात, एवढेच माझे म्हणणे. ‘झोपेसाठी, सहा आठवडे, मग दाखवणे.’ पाच-सहा शब्दांना कितीसा वेळ लागतो?

वेळ नसतो असे डॉक्टर म्हणतील आणि त्यांचे खोटे नाही. तरी कायद्याने हे मागता येते हे आपल्याला माहीत असावे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून लागू आहे. त्याच्या बाविसाव्या कलमात मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपला प्रस्तावित उपचार आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम जाणून घेण्याचा हक्क दिला आहे, आणि ही माहिती तिला समजेल अशा भाषेत द्यावी असे म्हटले आहे. ज्याला आजारच नाही, नुसती झोप येत नाही, त्याला याहून कमी सांगावे असे तर कोणी म्हणणार नाही. गोळीच्या खोक्यातला बारीक अक्षरातला कागद, तो असलाच तर, इंग्रजीत असतो. आमच्या पिढीला भिंगाशिवाय तो दिसतही नाही.

आणि गोळीच्या आधी करण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे, पण ते कोणी विकत नाही. घोरताना श्वास अडकतो का हे बायकोला किंवा नवऱ्याला विचारावे. अडकत असेल तर गुंगीचे औषध घेण्याआधी तपासणी हवी. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेतली जाते आहे का ते पाहावे. रात्री पाय वळवळतात का? रक्तातले लोह कमी असले की तसे होते, आणि नैराश्यावरच्या कित्येक औषधांनी, विशेषतः मिरटॅझपीनने, ही वळवळ वाढते. यातून काही निघाले नाही तर निद्रानाशासाठी एक खास शिकवण आहे. सवयी आणि विचार बदलण्याची ही पद्धत अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली प्रौढांसाठी पहिला उपचार म्हणून सांगितली. गोळी त्यानंतर. तिची बीजे जुनी आहेत. झोप आली तरच अंथरुणावर जायचे, न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसायचे, हा भाग रिचर्ड बूट्झिन यांनी १९७० च्या दशकात मांडला. अंथरुणातला वेळच सुरुवातीला कमी करायचा, म्हणजे झोप घट्ट होते, हे आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली दाखवले. ऐकायला उलटे वाटते. झोप येत नाही म्हणणाऱ्याला ‘रात्री बारापर्यंत आडवे होऊ नका आणि दुपारची वामकुक्षी बंद’ असे सांगितले तर तो डॉक्टर बदलेल. पहिले दोन आठवडे खरोखर हाल होतात, आणि अपस्मार किंवा टोकाच्या मनःस्थितीचा आजार असलेल्यांनी हे आपल्या आपण करू नये. पण गोळीचा गुण गोळीबरोबर जातो, याचा पुढेही टिकतो.

अडचण एवढीच की हे शिकवायला सहा-आठ बैठका लागतात आणि पुणे-मुंबई सोडली तर शिकवणारी माणसे फार थोडी. जिल्ह्याच्या गावी तर १० मिलिग्रॅमची पट्टी काही रुपयांत मिळते आणि बैठका मिळतच नाहीत. आमच्या डॉक्टरांनी त्यावर आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. त्यांनी मराठीत एक कागद छापून घेतला आहे. सात रकाने : अंथरुणावर कधी गेलो, डोळा अंदाजे कधी लागला, किती वेळा जाग आली, शेवटची जाग कधी, उठलो कधी, दुपारी किती झोपलो, दिवसभरात काय काय घेतले, त्यात चहाही आणि गोळ्याही. दोन आठवडे भरून आणायचा आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या. गोळी लिहायची की नाही हे ते त्यानंतर ठरवतात. दहातले तीन-चार जण कागद भरता भरताच ओळखतात की आपण रात्री साडेआठपासून पहाटे साडेपाचपर्यंत अंथरुणात असतो आणि झोपतो सहा तास. उरलेल्यांपैकी काहींना ते डॉक्सेपिन किंवा मिरटॅझपीन देतात, साठीच्या आतल्या आणि पायांची आग होणाऱ्या एखाद्याला अ‍ॅमिट्रिप्टिलीनही देतात, आणि देताना नाव, कुळ आणि तारीख तिन्ही सांगतात. हा कागद कोणत्याही फॅमिली डॉक्टरला पाठकोरा छापून घेता येईल. खर्च फार तर रुपया-दोन रुपये. मी माझा दोन आठवडे भरला. माझ्या सातव्या रकान्यात रोज सहा कप चहा निघाला, शेवटचा रात्री साडेनऊचा. कॅशियरला अजून कोणतीच गोळी दिलेली नाही. त्याच्या उशाशी सध्या तो कागद आहे.